श्वासाची वाट अडते तेव्हा: जीभ मागे पडण्यापासून ट्रॅकिओस्टॉमीपर्यंत

बेशुद्ध माणसाचा श्वास बहुतेक वेळा अडतो तो त्याच्या स्वतःच्याच जिभेमुळे. घशात बाहेरचे काही अडकलेले नसते, फुफ्फुसेही धडधाकट असतात. पण शुद्ध हरपली की जबड्याचे आणि घशाचे स्नायू ढिले पडतात. उताण्या पडलेल्या माणसाचा जबडा मागे सरकतो, जिभेचे मूळ आणि मऊ टाळू घशाच्या मागच्या भिंतीला टेकतात आणि वाट बंद होते. अशा वेळी एक हात कपाळावर ठेवून डोके हलकेच मागे कलते करायचे आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी हनुवटी वर उचलायची. जीभ खालच्या जबड्यालाच जोडलेली असल्याने जबडा पुढे आला की तीही पुढे येते. अनेकांचा श्वास एवढ्यावरच मोकळा होतो. मानेला मार लागल्याची शंका असेल तर डोके कलते करायचे नाही. दोन्ही बाजूंनी जबड्याच्या कोनामागे बोटे घालून जबडा तेवढा पुढे ढकलायचा.

‘कृत्रिम श्वासमार्ग’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर थेट आयसीयू, मशीन आणि नळ्या येतात, म्हणून हे आधी सांगितले. नळ्या पुष्कळ प्रकारच्या आहेत आणि त्यांची नावे ऐकून नातेवाईक गोंधळतात. पण प्रत्येक नळीमागे डॉक्टरांचा प्रश्न एकच असतो: अडथळा कुठल्या पातळीवर आहे, आणि नळीचे टोक त्याच्या पलीकडे जाते का?

हवेची वाट अशी: नाक किंवा तोंड, मग घसा, मग स्वरयंत्र, आणि त्याखाली श्वासनलिका. मोठ्या माणसाची श्वासनलिका साधारण १० ते १२ सेंटीमीटर लांब असते. तिला इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराच्या १६ ते २० कूर्चांचा आधार असतो. त्यांची उघडी बाजू मागे, अन्ननलिकेकडे असते. खाली तिचे दोन फाटे होतात. उजवा फाटा जास्त रुंद आणि सरळ असतो, त्यामुळे चुकून श्वासात गेलेला शेंगदाणा आणि जास्त खोल गेलेली नळी, दोन्ही बहुधा उजवीकडेच जातात.

या वाटेची रुंदी थोडी कमी झाली तरी फरक फार मोठा पडतो. हवा शांतपणे वाहत असताना नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर हवेला होणारा विरोध दुप्पट नव्हे, १६ पट होतो. तान्ह्या बाळाची श्वासनलिका जेमतेम ४ मिलिमीटर व्यासाची असते. आतून चहूबाजूंनी फक्त १ मिलिमीटर सूज आली की उरतात २ मिलिमीटर. मोठ्या माणसाला तेवढ्या सुजेने घसा बसल्यासारखे वाटेल. बाळाची मात्र दमछाक होते.

कानांनी कळणाऱ्या गोष्टी

अडथळा कुठे आहे, हे पुष्कळदा आवाजावरून कळते. घोरल्यासारखा आवाज येत असेल तर जीभ किंवा टाळू वाटेत आहे. गुळगुळ आवाज येत असेल तर घशात लाळ, रक्त किंवा उलटी साचली आहे; ती आधी ओढून काढायला हवी. श्वास आत घेताना कर्कश, शिट्टीसारखा आवाज येत असेल तर अडचण स्वरयंत्राच्या आसपास आहे. डॉक्टर त्याला स्ट्रायडॉर म्हणतात आणि तो ऐकू आला की हातातले दुसरे काम बाजूला ठेवतात. सर्वांत वाईट म्हणजे आवाजच न येणे. छाती-पोटाची धडपड चालू आहे, श्वास घेताना छाती आत ओढली जाते आणि पोट वर येते, पण तोंडापाशी हात धरला तर हवा लागत नाही: ही वाट पूर्ण बंद झाल्याची खूण. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरचा आकडा यात उशिरा घसरतो, विशेषतः रुग्णाला आधीपासून ऑक्सिजन चालू असेल तर. आकडा चांगला आहे म्हणून श्वास चांगला आहे असे समजू नये. मेंदूला ऑक्सिजन मिळणे पूर्ण थांबले तर चार-पाच मिनिटांत इजा सुरू होऊ शकते.

शुद्धीवर असलेल्या माणसाच्या घशात घास अडकला आणि तो जोरात खोकतो आहे, तर त्याला खोकू द्यावे. त्याच्या खोकल्याएवढा जोर आपल्या हातात नाही. खोकला निघत नाही, आवाज फुटत नाही, असे झाले की त्याला पुढे वाकवून पाठीवर खांद्याच्या दोन फऱ्यांमध्ये तळहाताच्या टाचेने पाच ठोसे, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर, आत आणि वरच्या दिशेने पाच धक्के. ही पोटावरची पद्धत हेन्री हाइमलिक या अमेरिकन शल्यविशारदाने १९७४ मध्ये मांडली. एक वर्षाखालच्या बाळाच्या पोटावर धक्के देत नाहीत. त्याला पाठीवर ठोसे आणि छातीच्या मधोमध दाब देतात. गरोदर बाईलाही पोटाऐवजी छातीवर. आणि दिसत नसलेली वस्तू बोटाने चाचपून काढायला जाऊ नये, ती आणखी खाली जाते.

आखूड नळ्या, लांब नळ्या

जीभ सारखी मागे पडत असेल आणि कोणी तासन्‌तास हनुवटी धरून बसू शकत नसेल, तर तोंडातून एक वाकडी, कडक प्लॅस्टिकची नळी घालतात. आर्थर गेडेल या भूलतज्ज्ञाने १९३३ मध्ये तिचा आराखडा केला, म्हणून दवाखान्यात तिला ‘गेडेल’ किंवा नुसतेच ‘एअरवे’ म्हणतात. तोंडाच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत धरून तिचे माप घेतात. आखूड झाली तर ती जिभेलाच मागे ढकलते, लांब झाली तर स्वरयंत्राचे झाकण दाबते. ही नळी पूर्ण बेशुद्ध माणसालाच चालते. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला ती घातली तर उबळ येते, उलटी होते, आणि वाट मोकळी करायला गेलेले आपणच ती अडवून बसतो. अशा रुग्णाला नाकातून घालायची मऊ नळी जास्त सोसते. मात्र कवटीच्या तळाला फ्रॅक्चर असल्याची शंका असेल तर नाकातून नळी घालणे टाळतात.

या दोन्ही नळ्या घशातच संपतात. त्या जिभेचा प्रश्न सोडवतात. स्वरयंत्राला सूज आली असेल तर त्यांचा उपयोग नाही. शिवाय माणूस स्वतः श्वास घेत नसेल तर मोकळ्या वाटेचा तरी काय उपयोग? मग तोंडावर मास्क घट्ट धरून ॲम्बू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या फुगीर पिशवीने, हवा द्यावी लागते. हे काम दिसते सोपे, पण सगळे कसब मास्क धरणाऱ्या हातात असते. मास्क चेहऱ्यावर खाली दाबला तर जबडा पुन्हा मागे जातो. जबडा वर मास्कमध्ये उचलावा लागतो. शक्य असेल तर एकाने दोन्ही हातांनी मास्क धरावा आणि दुसऱ्याने बॅग दाबावी.

पुढची पायरी म्हणजे स्वरयंत्राच्या तोंडावर वरून बसणारा छोटा मास्क. आर्ची ब्रेन या ब्रिटिश भूलतज्ज्ञाने १९८१ मध्ये तो तयार केला आणि छोट्या शस्त्रक्रियांमधली भूल त्याने पुष्कळ बदलली. तो बसवायला सोपा आहे. पण तो स्वरतंतूंच्या वरच थांबतो, त्यामुळे पोटातले पाणी वर आले तर फुफ्फुसात जाण्यापासून तो भरवशाने अडवत नाही.

स्वरतंतूंच्या मधून थेट श्वासनलिकेत जाते ती एंडोट्रेकियल ट्यूब, म्हणजे आयसीयूत सगळे जिला ‘ईटी ट्यूब’ म्हणतात ती. तिच्या टोकाजवळ एक फुगा असतो. तो फुगवला की नळीभोवतीची फट बंद होते, व्हेंटिलेटरची हवा वरून निसटत नाही आणि लाळही बऱ्याच अंशी खाली उतरत नाही. पूर्णपणे थांबते असे मात्र नाही. फुग्यातला दाब २० ते ३० सेंटीमीटर पाण्याइतका ठेवतात. त्याहून बराच जास्त झाला तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा थांबतो, जखम होते आणि ती भरताना नलिका आकसते. आतल्या फुग्याला जोडलेला बाहेरचा छोटा फुगा बोटाने चिमटून ‘ठीक वाटतोय’ म्हणण्याची सवय अजून पुष्कळ ठिकाणी आहे. ती सोडलेली बरी. दाब मोजायचे साधे यंत्र मिळते.

नळी योग्य जागी गेली का, हे पाहण्याची सर्वांत खात्रीची खूण म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड. नळी चुकून अन्ननलिकेत गेली तरी छाती हलल्यासारखी दिसू शकते, आत बाष्पही दिसू शकते. पण श्वासागणिक उमटणारी कार्बन डायऑक्साइडची रेघ अन्ननलिकेतून येत नाही. ब्रिटनमध्ये श्वासमार्गाच्या गंभीर दुर्घटनांची देशभर पाहणी झाली. २०११ मध्ये आलेल्या तिच्या अहवालात आयसीयूतल्या मृत्यूंच्या कारणांत हे मापन न वापरल्याचा उल्लेख वारंवार येतो.

गळ्यातून थेट वाट

एवढे सगळे असताना ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे गळ्याला छिद्र पाडून थेट श्वासनलिकेत नळी घालणे, कशाला? एक कारण अगदी उघड आहे. स्वरयंत्रातच गाठ असेल, प्रचंड सूज असेल, चेहरा-जबडा चिरडला असेल, तर वरून नळी घालायला जागाच नसते. मग अडथळ्याच्या खालून वाट काढावी लागते. १७९९ च्या डिसेंबरमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन घशाच्या जंतुसंसर्गाने गुदमरत होते. उशाशी तीन डॉक्टर होते. त्यांच्यातल्या सर्वांत तरुण, एलिशा डिक यांनी गळ्याला छिद्र पाडण्याचे सुचवले. ज्येष्ठांनी ते मानले नाही, रक्त काढण्याचा उपाय चालू राहिला आणि वॉशिंग्टन त्याच रात्री गेले. त्या काळात ही शस्त्रक्रिया क्वचितच होई, त्यामुळे ज्येष्ठांना आज दोष देणे सोपे आहे एवढेच म्हणता येईल.

अगदी मिनिटांचा प्रश्न असतो आणि वरून काहीच जमत नाही, तेव्हा करतात ती खरी तर ट्रॅकिओस्टॉमी नसते. स्वरयंत्राच्या खालच्या भागात दोन कूर्चांमध्ये एक पातळ पडदा असतो, तिथे छेद देऊन नळी सारतात. तो भाग त्वचेला जवळ असतो, रक्तस्रावही कमी होतो. चित्रपटातला नायक पेनाच्या नळीने हेच करतो. प्रशिक्षणाशिवाय कोणी ते करून पाहू नये.

नियोजित ट्रॅकिओस्टॉमीत छिद्र त्याहून खाली, श्वासनलिकेच्या साधारण दुसऱ्या ते चौथ्या कूर्चांच्या दरम्यान घेतात. ही शस्त्रक्रिया कुठे आणि कशी करावी याची शिस्त शेव्हालिए जॅक्सन या अमेरिकन घसातज्ज्ञांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घालून दिली. १९८५ मध्ये पास्क्वाले चाग्लिया या अमेरिकन शल्यविशारदांनी सुई, तार आणि छिद्र हळूहळू रुंदावणारी साधने वापरून हीच वाट रुग्णाच्या खाटेपाशी करण्याची पद्धत मांडली. आज आयसीयूत ती नेहमीची आहे.

दुसरे कारण जास्त रुग्णांना लागू पडते: व्हेंटिलेटर बरेच दिवस लागणार आहे. याचा पाया १९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये घातला गेला. पोलिओच्या साथीत श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुले येत होती आणि लोखंडी फुफ्फुसाची यंत्रे (रुग्णाचे धड आत ठेवून बाहेरून श्वास घडवणाऱ्या पेट्या) पुरत नव्हती. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने ट्रॅकिओस्टॉमी करून, नळीतून बॅगने हवा देण्याचा मार्ग दाखवला. यंत्रे नव्हती, म्हणून वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस हाताने बॅगा दाबत बसले. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले आणि आधुनिक आयसीयूची सुरुवात तिथूनच मानली जाते.

‘गळ्याला भोक पाडायचे म्हणताहेत, म्हणजे आता काही खरे नाही’, अशी नातेवाइकांची समजूत असते. माझ्या मते ती बहुतेक वेळा उलटी आहे. तोंडातली नळी सोसण्यासाठी रुग्णाला गुंगीत ठेवावे लागते. ती ओठ-जीभ-स्वरतंतूंना घासते आणि तोंड स्वच्छ ठेवू देत नाही. गळ्यातली नळी आखूड असते, तिच्यातून श्वास घ्यायला कष्ट कमी पडतात, गुंगीची औषधे कमी करता येतात, रुग्ण बसू लागतो. व्हेंटिलेटर सोडवण्याचे प्रयत्नही सोपे होतात. पण म्हणून घाईही नको. ब्रिटनमधल्या ‘ट्रॅकमॅन’ या २०१३ च्या अभ्यासात पहिल्या चार दिवसांत ट्रॅकिओस्टॉमी करणे आणि दहा दिवस थांबून करणे यांची तुलना केली होती. मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही. आणि थांबलेल्या गटातल्या निम्म्याहून जास्त जणांना ती लागलीच नाही.

नळी शरीराकडून काय काढून घेते

नाक हवा गरम करते, ओलसर करते, गाळते. गळ्यातली नळी या सगळ्याला वळसा घालते. कोरडी, थंड हवा सरळ श्वासनलिकेत गेली की तिथला स्राव घट्ट होतो, त्याच्या खपल्या धरतात आणि त्या नळीच्या आतल्या भिंतीला चिकटतात. खोकलाही दुबळा होतो, कारण जोरदार खोकण्यासाठी आधी स्वरतंतू मिटून दाब साठवावा लागतो आणि आता हवा त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. थोडक्यात, अडथळा दूर करायला घातलेली नळी स्वतःच अडथळा होऊ शकते. ट्रॅकिओस्टॉमीची निम्मी देखभाल या एका धोक्याभोवती फिरते.

म्हणून ओलावा लागतो: रुग्णालयात गरम, दमट हवेचे यंत्र, आणि घरी नळीच्या तोंडाला लावायचा छोटा फिल्टर. बाहेर पडणाऱ्या श्वासातला ओलावा हा फिल्टर धरून ठेवतो आणि आत जाणाऱ्या हवेला परत देतो. म्हणून दुपदरी नळीही असते. बाहेरची नळी जागीच राहते, आतली काढून धुता येते; तुंबली तर क्षणात बाहेर काढता येते. लहान मुलांच्या नळ्या इतक्या अरुंद असतात की त्यांत आतली नळी बहुधा नसतेच. त्यांची नळी तुंबली तर अख्खी बदलावी लागते, म्हणून त्यांच्या पालकांना नळी बदलायचे शिक्षण घरी जाण्याआधीच द्यावे लागते.

सक्शन, म्हणजे कॅथेटर ही बारीक नळी आत घालून स्राव ओढून काढणे, हा सगळ्यांना भीती वाटणारा भाग. कॅथेटर नळीच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जाड नको. जाड असेल तर स्रावाबरोबर फुफ्फुसातली हवाही ओढली जाते. आत घालताना ओढ बंद, बाहेर काढताना चालू, आणि एका खेपेला १० ते १५ सेकंदांहून जास्त नाही. दोन खेपांमध्ये रुग्णाला श्वास घेऊ द्यायचा. घड्याळ लावून दर तासाला सक्शन करण्यात अर्थ नाही. घरघर ऐकू आली, खोकल्याची उबळ आली, श्वास जड झाला, ऑक्सिजन घसरला, की करायचे. कारण नसताना केलेले सक्शन अस्तर सोलते आणि त्यातून रक्त येते.

थोडेसे गुलाबी रक्त यामुळे येऊ शकते. पण पहिल्या काही आठवड्यांत ताज्या लाल रक्ताची धार आली, मग ती आपोआप थांबलेली का असेना, तर लगेच रुग्णालयात जायचे. नळीच्या दाबाने शेजारची मोठी रक्तवाहिनी झिजली असेल, तर मोठ्या रक्तस्रावाआधी असा छोटा इशारा येऊ शकतो.

श्वास अचानक अडला तर

रुग्णाच्या उशाशी त्याच मापाची एक आणि एका मापाने लहान अशी एक, दोन जादा नळ्या नेहमी असाव्यात. श्वास अडला की मदत बोलवायची आणि ऑक्सिजन दोन्ही ठिकाणी द्यायचा, तोंडावरही आणि गळ्यावरही. नळीवर बोलण्याची झडप किंवा टोपी असेल तर काढायची. मग आतली नळी काढायची. मग सक्शन कॅथेटर घालून पाहायचा. तो सहज आत गेला तर वाट आहे, स्राव ओढून काढायचा. तो अडतो आहे, तर नळी तुंबली आहे किंवा जागेवरून सरकली आहे. अशा वेळी फुग्यातली हवा सोडली तर नळीच्या बाजूने वरून तरी थोडा श्वास जातो. त्यानेही भागले नाही तर नळीच काढायची.

या शेवटच्या पायरीला हात कचरतात. ‘तीच तर त्याची श्वासाची नळी आहे’ असे वाटते. पण जिच्यातून हवा जात नाही ती आता श्वासाची नळी उरलेली नसते. तिच्यातून बळेबळे ॲम्बू बॅग दाबली तर हवा मानेच्या त्वचेखाली भरते आणि पुढचे सगळे अवघड होते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यात नळी निघाली तर मात्र वाट अजून पक्की झालेली नसते, छिद्र चटकन मिटते. तेव्हा नळी अंदाजाने परत खुपसण्यापेक्षा छिद्र झाकून तोंडावरून मास्कने श्वास देणे जास्त सुरक्षित असते.

इथे एक फरक माहीत नसेल तर जीव जातो. कर्करोगामुळे ज्यांचे स्वरयंत्रच काढून टाकलेले असते, त्यांच्या तोंडाचा आणि फुफ्फुसाचा संबंध तुटलेला असतो. गळ्यातले छिद्र हाच त्यांचा एकमेव श्वासमार्ग. त्यांच्या तोंडावर कितीही ऑक्सिजन लावला तरी आत काहीच पोहोचत नाही, आणि छिद्र झाकणे म्हणजे श्वास कोंडणे. बाहेरून दोन्ही रुग्ण सारखेच दिसतात. म्हणून ब्रिटनमध्ये अशा रुग्णांच्या उशाशी लाल फलक आणि साध्या ट्रॅकिओस्टॉमीच्या रुग्णांपाशी हिरवा फलक लावण्याची पद्धत आहे. कुठल्याही वॉर्डात एका कागदाच्या खर्चात ती आणता येईल.

बोलणे, गिळणे, आणि नळी निघणे

नळीचा फुगा फुगलेला असेपर्यंत हवा स्वरतंतूंकडे जात नाही, म्हणून आवाज येत नाही. स्वरतंतू गेले म्हणून नव्हे. रुग्णाला हे नळी घालण्याआधीच सांगावे, नाहीतर तो जागा होतो आणि वाचा गेली म्हणून हादरतो. पुढे फुग्यातली हवा काढून एकेरी झडप लावता येते: श्वास गळ्यातून आत, उच्छ्वास वर स्वरतंतूंमधून बाहेर, आणि आवाज फुटतो. डेव्हिड म्यूर या तरुणाने अशी एक झडप तयार केली; तो स्वतः स्नायूंच्या आजारामुळे ट्रॅकिओस्टॉमीवर आणि व्हेंटिलेटरवर होता. झडपेचा एक नियम मोडून चालत नाही. फुगा फुगलेला असताना ती लावली तर हवा आत जाते आणि बाहेर पडायला रस्ताच उरत नाही.

तोंडाने खाणे अनेकांना जमते, पण आधी गिळण्याची तपासणी हवी. नळीमुळे स्वरयंत्राची वर-खाली हालचाल जखडते आणि अन्न चुकीच्या वाटेने गेले तरी काहींना ठसकाही लागत नाही.

नळी काढण्याआधी मूळ अडथळा दूर झाला आहे का, खोकला जोरदार आहे का, लाळ गिळता येते का, हे पाहतात. मग फुगा सोडून ठेवतात, नळी लहान करतात किंवा तिला टोपी लावून वरूनच श्वास घ्यायला लावतात. हे जमले की नळी काढून छिद्रावर ड्रेसिंग लावतात. बोलताना, खोकताना त्यावर बोट दाबायला सांगतात, म्हणजे हवा तिकडून निसटत नाही. बहुतेकांचे छिद्र काही दिवसांत ते दोन आठवड्यांत आपोआप भरते. त्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनीही जिना चढताना दम लागू लागला, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर तो दमा समजून नुसता इन्हेलर घेत बसू नये. फुगा किंवा नळी जिथे टेकलेली होती तिथे श्वासनलिका आकसत असू शकते. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवताना ‘पूर्वी ट्रॅकिओस्टॉमी झाली होती’ हे वाक्य सर्वांत आधी सांगायचे.